केयूरची खळी

—अहो, त्या स्टुलावर नका बसू. म्हणजे बसा, बसायला हरकत कसली, लाकडाचं साधं स्टूल आहे, पण तिथं कुणी बसत नाही आता, ईशानी तर त्याला वळसा घालून जाते — तुम्ही ही खुर्ची घ्या, रत्नाकरजी. नको? उभेच राहणार? बरं, राहा. केयूरही तसाच होता, बस म्हटलं की आधी जरा वेळ उभा राहणार, मग अर्धा टेकणार. पण त्या पाइपाला टेकू नका, गंजलाय तो, कूलरला पाणी चढवायला खालच्या बोअरिंगपासून आणलाय, शर्टाला डाग पडला तर सुहासिनीवहिनी म्हणतील, कॉलेजात कुठं लोळून आलात. कूलरचा आवाज होतोय ना? मी मोठ्याने बोलते. बंद केला तर इथं उभं राहवणार नाही, झाशीचा जून तुम्हाला काय सांगायचा, भुसावळचे असलात म्हणून काय झालं, निम्मं आयुष्य तर तुमचं इथल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातच गेलं.

सामान बांधून ठेवलंय, ही पिशवी. डबा धुतलाय. सोल्डरिंगचं आयर्न त्याचं स्वतःचं होतं, इलाइट चौराह्यावरून घासाघीस करून आणलेलं, ते आहे. एक मफलर आहे. चपला मात्र — चपला राहू द्या अजून, त्यांचं सांगते. आणि तो कागद. रमाकांतजींनी खाली दिला ना तुम्हाला? लपवू नका, खिशातून अर्धा बाहेर आलाय. सही केलीत? नाही? वर जाऊन सामान घेतो, मग करतो, असं म्हणालात? चांगलं केलंत. त्यांनी पेनसुद्धा दिलं असेल, देतातच, डायरेक्टर माणूस, पेन कायम उघडून तयार. काय म्हणाले? ‘भाईसाहब, जो हो गया सो हो गया, अब बच्चे के नाम पर कीचड़ मत उछलने दीजिए’ — हेच ना? मलाही हेच म्हणाले. आणि चिखल कुठं आहे तर त्याच कागदात! वाचलात तुम्ही? मी वाचलाय. विद्यार्थ्याने एकट्याने काम केलं, मोजमापं स्वतःच्या मनाने तयार केली, कॉलेजला आणि मार्गदर्शकांना कल्पना नव्हती. मार्गदर्शक म्हणजे मी. मला वाचवलंय त्यात! मला कुणी विचारलं, तुला वाचायचंय का म्हणून? गेलेल्या पोराच्या डोक्यावर सगळं ठेवायचं, कारण तो उठून भांडणार नाही, आणि खाली बापाची सही घ्यायची म्हणजे कुणी पुन्हा तोंड उघडायला नको. याला माझ्या घरी चोरी म्हणतात. आमचे लोक तोफखान्यावर होते या शहरात, बाजीरावांच्या वेळेपासून, तेव्हापासून भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहोत, रमाकांतजींना माहीत आहे, म्हणून मला नाही दिला कागद, तुम्हाला दिला.

काय काम होतं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंय का? केयूरने? त्याने काय सांगितलं असेल, ‘बाबा, कुलूप फोडतोय’ एवढंच सांगितलं असेल. फोडत नव्हता हो. हे बघा, हे कुलूप. कार्ड दाखवलं की उघडतं, लॉजमध्ये असतं, मुलींच्या होस्टेलला असतं, आपल्या होस्टेललाही हेच आहे, म्हणून तर घेतलं. आत एक चिप असते, तिच्यात किल्लीचा आकडा दडवलेला. तो बाहेर येत नाही, कुणी काही केलं तरी येत नाही, असं कंपनी म्हणते. पण चिप विचार करते तेव्हा वीज पिते. एका आकड्याला थोडी जास्त, एका आकड्याला थोडी कमी. माझी शेजारीण मिक्सर लावते ना, मला भिंतीपलीकडून कळतं की आज चटणी आहे की डाळ — तसंच. आम्ही भिंतीला कान लावून बसतो. कुलपाला हजारो वेळा कार्ड दाखवायचं, दर वेळी ते किती वीज पितंय त्याची रेघ काढायची, सगळ्या रेघांची सरासरी. बास. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवते, की विश्वास ठेवू नका, मोजा. डब्यावर काय छापलंय ते वाचू नका, मोजा. माझं हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, माझी नक्कल करतात, केयूर तर पदर खांद्यावर घेऊन करायचा, मी दारात येऊन उभी राहिले तरी त्याला पत्ता नाही. सगळी हसतायत, आणि हा — ‘मोजा!’

हिवाळ्यात सापडली ती. संध्याकाळ होत होती, मी हजेरी भरत होते, आणि ईशानी, केयूरच्या जोडीला काम करणारी, ती ओरडली. ‘मॅम, देखिए, डिंपल!’ ती मराठीच आहे, बड्या बाजारात घर आहे त्यांचं, पण उत्तर हिंदीतच येतं. मी म्हटलं, डिंपल काय, खळी म्हण. तेव्हापासून खळी. सरळ रेघ चाललीय, चाललीय, आणि एका जागी गालाला पडते तशी खळी, चिप किल्लीच्या आकड्याला हात लावते नेमकी तिथंच. मी या डोळ्यांनी पाहिली. केयूर इथं अर्धा टेकलेला, मफलर कानाला, वळून माझ्याकडे बघतोय. ‘रेवती मॅम,’ म्हणाला शेवटी, ‘हे म्हणजे कुणाचंही दार उघडू शकतं ना?’ आणि हसला नाही. दुसरा एखादा नाचला असता. याला आधी होस्टेलच्या पोरी आठवल्या.

आमच्यात एक रीत आहे, रत्नाकरजी. दोष सापडला की गावभर सांगायचा नाही. आधी ज्याने वस्तू बनवली त्याला कळवायचं, त्याला दुरुस्तीला वेळ द्यायचा, तोवर तोंड बंद. सभ्यपणाची रीत आहे. आम्ही पाळली. मेल मीच लिहिला, सोबत केयूरने काढलेली रेघ, खाली केयूरचं नाव आधी, मग ईशानीचं, शेवटी माझं. आणि कंपनीने काय केलं? दुरुस्ती? नोटीस पाठवली कॉलेजला! बदनामीची. मग दोन माणसं आली सुटाबुटात, म्हणाली, दाखवा. रमाकांतजी घामाघूम. म्हणाले, सगळे मागे व्हा, टेबलापासून लांब, कुणी कशाला हात लावायचा नाही, म्हणजे शंकेला जागा नको. केयूर म्हणाला, ‘सर, मुझे बैठने दीजिए, मैं चलाता हूँ.’ ‘आप तो दूर ही रहिए.’ त्याला दाराशी उभा केला. चोराला करतात तसा. यंत्र सुरू केलं, सगळे बघतायत, रेघ आली — आणि खळी नाही. नुसतं गवत, वेड्यावाकड्या बारीक रेघांचं. पुन्हा केलं. गवत. त्यातला एक सुटातला म्हणाला, अगदी गोड आवाजात, की मुलाने पाठवलेली रेघ फारच स्वच्छ आहे, इतकी स्वच्छ रेघ या खोलीत निघूच शकत नाही, ही कॉम्प्युटरवर काढलेली दिसते. केयूरने माझ्याकडे बघितलं. मी — मी त्या माणसाशी भांडत होते. मी खूप भांडले त्या दिवशी, कुणालाही विचारा.

चौकशी बसली. मग त्याला एक संधी दिली, मेहेरबानीच ती, की सोमवारी पुन्हा करून दाखव. आदल्या दिवशी मला फोन आला त्याचा. ‘मॅम, उद्या सगळ्यांसमोर काढून दाखवतो. फक्त मला टेबलाशी बसू द्या.’ आणि सोमवारी सकाळी नगऱ्याहून, तुमच्या घरून निघाला, आणि पुलावर —

माहीत आहे, माहीत आहे, त्याचं बोलायचं नाही. पण तुम्ही खाली चहावाल्याला विचारत होतात ना? मी खिडकीतून पाहिलं. तो सगळ्यांना तेच सांगतो, रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती म्हणून. त्याला काय कळतं ब्रेकमधलं! वाळू होती पुलावर, वाळूचे ट्रक जातात तिथून, मोटारसायकल घसरते, रोज कुणी ना कुणी घसरतं. पण लोक — कॉलेजातले, तुमच्या कॉलनीतले — हळू आवाजात बोलतात, आणि तुम्ही आलात की गप्प होतात. हो ना? की पकडला गेला होता. की सोमवारी तोंड कसं दाखवणार होता. की तो घसरला नाही. तुम्ही मला ते विचारायला आला आहात, रत्नाकरजी, सामान तर तुम्ही शिपायाकडूनही नेलं असतं. विचारत नाही आहात, पण त्यासाठीच आला आहात. आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तसं बघितलं तर उत्तर सरळ आहे. खळी खरी असेल तर तो इकडे येत होता, दाखवायला येत होता, घाईत होता, वाळूवरून गेला. आणि खळी नसेल तर —

म्हणून मी शोधतेय. सुट्ट्या लागल्या, कॉलेज रिकामं आहे, मी रोज येते. सगळं तसंच ठेवलंय. तेच कुलूप, तीच वायर, तेच टेबल. टेबल बघा ना, लोखंडाचं, रेल्वेच्या भंगारातून आलेलं, हात लावला की झिणझिण्या येतात. केयूर म्हणायचा, ‘मॅम, टेबल चावतं.’ वायरमनला बोलावलं होतं, त्याने तीन पिनांचा सॉकेट बघितला, म्हणाला, ‘मैडम, तार तो लगा है, सब ठीक है,’ आणि गेला. तेव्हापासून माझा नियम, मोजताना टेबलाला हात लावायचा नाही, खाली रबराची चटई, बसायला लाकडी स्टूल. नीटनेटकं काम. ईशानी अगदी नियमाने बसते, हात मांडीवर. केयूर कुठला नियम पाळतोय, तो सगळीकडे हात लावायचा, नेहमी तळहाताला गंज. किती वेळा ओरडले असेन, हात धुऊन ये, बोर्डाला गंज लावशील, तर म्हणायचा, ‘घरची सवय आहे, मॅम.’ गंजाची कसली घरची सवय! पण असं उत्तर द्यायचा की पुढे बोलताच यायचं नाही.

एकेक गोष्ट बदलून बघायची, ही आमची पद्धत. म्हणून आम्ही केयूरच्या एकेक गोष्टी — हसू नका. नाही, तुम्ही हसत नाही आहात. त्याच्याकडे होता तसाच मोबाइल आणून इथं ठेवला, म्हटलं, त्याची काही लहर मिसळत असेल. नाही. त्याचा चार्जर लावला. नाही. तो ज्या वेळेला बसायचा त्या वेळेला बसलो. मफलर — मफलरसुद्धा टांगला इथं, काय कळून टांगला देव जाणे. मग ईशानी एक दिवस त्याच्या चपला घालून बसली. त्या स्टुलावर. इतक्या मोठ्या चपला, पाय आत पोहतायत तिचे, आणि ती डोळे मिटून बसलीय, हात मांडीवर. मी रेघ बघतेय. गवत. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘मॅम, वो अपने साथ ले गया.’ मी तिला रागावले. भुताखेताच्या गोष्टी करायच्या तर हनुमानाच्या देवळात जाऊन बस म्हटलं, इथं मोजतात. आणि ती गेल्यावर मी — या खोलीत मीच एकटी, कूलर घरघरतोय — मी त्या स्टुलाला म्हटलं, ये ना रे. एकदा काढून दे. मग नको येऊस. म्हटलं मी. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे मी, पीएचडी आहे. रोज म्हणते.

काय? मला काय वाटतं? मी सांगितलं ना, मी पाहिली, या डोळ्यांनी — हो, पडद्यावर पाहिली. पडद्यावर तर काहीही दाखवता येतं. ईशानीनेही पडद्यावरच पाहिली. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. त्याच्या सगळ्या फायली मी घरी नेल्यात. पहिली रेघ ते शेवटची रेघ. तपासायला. काय तपासायला म्हणजे — कुठं जोड दिसतो का, कुठं एकच तुकडा दोनदा चिकटवलाय का. हो, तेच शोधत होते. खोटेपणाच शोधत होते. रोज खाली जाऊन रमाकांतजींशी भांडायचं, की माझ्या पोराने खोटं केलेलं नाही, आणि घरी येऊन तेच शोधायचं. सापडलं नाही. एक जोड सापडला नाही. पण न सापडणं म्हणजे खरं असणं नव्हे, हेही मीच शिकवते त्यांना. मला माहीत नाही, रत्नाकरजी. हे बोलायचं नव्हतं मला तुमच्यापुढे. तुम्ही यायच्या आधी ठरवलं होतं, छाती ठोकून सांगायचं, तुमचा मुलगा खरा होता, फाडा तो कागद. पण मला माहीत नाही. माझ्याकडे गवत आहे नुसतं.

थांबा, दाखवते. हे सुरू केलं. ऐका, कट-कट-कट, कुलूप कार्ड ओळखतंय. आता ही रेघ हळूहळू साफ होईल, जितके वेळा मोजेल तितकी — होईल म्हणजे व्हायला पाहिजे. बघा. गवत. रोज हेच. एवढा मोठा हिवाळा गेला, एवढं पोर गेलं, आणि हे बघा काय उरलं, पावसाळ्यात माळावर उगवतं तसलं.

करा सही. मी अडवत नाही. त्या कागदाने तुमच्या घरात वकील येणार नाहीत, पेपरवाले येणार नाहीत, वहिनींना कुणी काही विचारणार नाही. मी कोण अडवणारी, माझ्या हातात काय आहे? इथंच करा, टेबलावर ठेवून, खाली त्या माणसासमोर मान खाली घालून नका करू. चावलं ना टेबल? म्हटलं होतं मी. मी तिकडे बघत नाही, तुम्ही करा, मी रेघ बघते. रोज बघते तशी. एक सांगू, त्या सोमवारी मी लवकर आले होते. स्टूल पुसून ठेवलं होतं. रमाकांतजींना सांगून ठेवलं होतं, की आज पोरगा टेबलाशी बसेल, कुणी मधे आलं तर मी राजीनामा देईन. टेबलाशीच बसू द्या म्हणाला होता. का म्हणाला असेल हो? त्यालाही कळलं नव्हतं बहुतेक का ते, नाही तर फोनवर सांगितलं असतं, फक्त एवढं कळलं होतं की आपण लांब उभे राहिलो की —

रत्नाकरजी.

काय केलंत तुम्ही? रेघ साफ होतेय.

नाही, थांबा. हलू नका. पेन तसंच राहू द्या. वळू नका, माझ्याकडे नका बघू, मी येते तिकडे. तुमचा — तुमचा डावा हात पाइपावर आहे. आणि उजवं मनगट टेबलावर. कधी धरलात पाइप? टेबल चावलं म्हणून? कळलंच नाही तुम्हाला? कारखान्यात टेस्टिंगला — वस्तूला हात लावायचा तर आधी जमिनीशी जोडलेलं काहीतरी — हो. हो. ही तुमच्या घरची सवय. तो असाच बसायचा. अगदी असाच, अर्धा टेकून, एक हात मागे पाइपावर, त्याच जागी, बघा, तेवढ्याच जागेचा रंग उडालाय. मी त्याला हात धुऊन यायला लावत होते. टेबलाला अर्थिंगच नाही, सॉकेटातली ती तिसरी तार जमिनीपर्यंत जातच नसणार, सगळी खोली भुणभुणत होती आणि तो — तोच जोडत होता टेबल जमिनीला. स्वतःच्या अंगातून. आणि आम्ही काय केलं, सगळ्यांना मागे केलं, हात मांडीवर ठेवले, रबर पसरलं, त्याला दाराशी —

उचला जरा. पाइपावरचा हात. फक्त तोच.

गवत. बघितलंत?

ठेवा परत. ठेवा. थोडा वेळ लागेल. कट-कट-कट. येईल.

आली.

हीच ती. डोळे नीट पुसून बघा — नाही, पुसू नका, हात नका हलवू, तसेच वाहू देत. रडा, रत्नाकरजी, खुशाल रडा, पण पाइप सोडू नका. ईशानी! ए ईशानी! खाली आहेस ना, वर ये! आणि रमाकांतजींना घेऊन ये, शिपायालाही आण, त्या चहावाल्यालासुद्धा आण! पळत ये! — तो कागद राहू दे मनगटाखाली, कुणी येईपर्यंत काहीच हलवायचं नाही. तो येत होता, ऐकलंत का? इकडेच येत होता.

आता बोलू नका. मीही नाही बोलत.